केळीच्या खोक्यापासून टेम्पोच्या फाळक्यापर्यंत: एका जाड अक्षराच्या नोंदी

३ जून, जळगाव

काम पक्कं झालं. रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी उत्पादकांचा एक गट आहे. खोक्यावर, टेम्पोवर, पॅकहाउसच्या पाटीवर आणि गोणपाटावर एकच अक्षर हवं, असं त्यांचं म्हणणं. आजवर खोकेवाला त्याच्या कॉम्प्युटरवर असेल तो फाँट टाकायचा, टेम्पोवर रेडियमवाला स्वतःचा, आणि पाटीवर पेंटर हाताला येईल तसं. मागणी एका वाक्याची: "लांबून वाचता यावं आणि आपलं वाटावं."

ठरवलंय की वजन (म्हणजे रेघेची जाडी) एकच काढायचं, जाड. पातळ-मध्यम-निमजाड असं सगळं कुटुंब नाही. ज्यांना परिच्छेद लावायचेत त्यांनी मुक्ता फाँट वापरावा, हिंद वापरावा, फुकट आहेत आणि चांगले आहेत. पान भरून जाड अक्षर लावणं म्हणजे समोर बसलेल्याशी भोंग्यातून बोलणं. गटाचे अध्यक्ष म्हणाले, "मग पत्रकं कशात छापायची?" म्हटलं, दुसऱ्या कशातही छापा, मथळा तेवढा आपला असू द्या.

फाँटला नाव नाही. फाइलीवर 'जाड-१' लिहिलंय.

५ जून

पोराला (माझ्याकडे फाँटचं कोडिंग तो बघतो) थोडा इतिहास सांगावा लागला, कारण तो हेल्वेटिका बोल्ड हा इंग्रजी फाँट समोर ठेवून देवनागरी काढायला बसला होता.

लॅटिनमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या लिपीत, सॅन्स सेरिफ म्हणजे टोकाचे पाय छाटलेलं अक्षर. छापखान्याच्या नमुन्यात ते पहिल्यांदा दिसलं १८१६ साली, विल्यम कॅस्लन चौथा याच्याकडे, तेही फक्त कॅपिटल अक्षरांत. पुढे शतकभर त्याचा खरा संसार जाहिराती आणि भित्तिपत्रकांवर झाला, म्हणजे जाडपणा त्याच्या लहानपणापासूनच सोबत आहे. हेल्वेटिका आली १९५७ ला, तेव्हा तिचं नाव नोए हास ग्रोटेस्क होतं. युनिव्हर्स हा फाँटही त्याच वर्षीचा.

आपल्याकडे छाटायला पायच नाहीत. देवनागरीतला जाड-बारीक भेद बोरूच्या तिरक्या कापातून येतो. तो भेद काढून रेघ सगळीकडे जवळपास सारखी केली की त्याला आपण सॅन्स म्हणतो. पातळ वजनात हे छान जमतं. जाड करायला गेलं की अडतं. लॅटिन अक्षरात एकाखाली एक आडव्या रेघा येऊन येऊन तीन, 'E' किंवा 'S' मध्ये. आपल्या 'ई' मध्ये शिरोरेषा, वरचं वळण, खालचं वळण, शेपटी, आणि डोक्यावर रफार. 'झ' घ्या, 'ह्म' घ्या, 'द्ध' घ्या. उभी जागा तेवढीच आणि त्यात एवढी गर्दी. सगळ्या रेघा सारख्या फुगवल्या तर आत पांढरं उरतच नाही.

म्हणून धोरण ठरवलं: वजन कान्यात, म्हणजे अक्षराच्या उभ्या दांड्यात घालायचं, शिरोरेषा रोडावायची. हजार युनिटच्या चौकटीत कान्याला १७०, शिरोरेषेला ११८ देऊन सुरुवात. आडवी रेघ तशीही डोळ्याला मापापेक्षा जाड भासते, त्यामुळे हा फरक वाचणाऱ्याला टोचत नाही.

९ जून

तपासणीचा तक्ता तयार केला. 'कमल नयन' छापाचे ठरावीक शब्द नाहीत, खानदेशातल्या गावांची नावं. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, फैजपूर, चोपडा, अमळनेर, पारोळा, धरणगाव, भडगाव, चाळीसगाव, मुक्ताईनगर, धुळे, साक्री, शिरपूर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा.

तक्ता भिंतीवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहिला. दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक म्हणजे 'ळ'. धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, तळोदा: हा प्रांतच 'ळ'चा आहे. आणि बाजारातल्या पुष्कळ जाड फाँटांत 'ळ' पाहुण्यासारखा कडेला बसलेला असतो, कारण तो हिंदीकडे डोळा ठेवून काढलेला.

दुसरी म्हणजे 'गाव'. 'ग'च्या दोन उभ्या रेघा, मग काना, मग 'व'चा काना. जाड वजनात चार खांब ओळीने उभे, मध्ये 'व'चं पोट. तक्त्यातल्या चार नावांच्या शेवटी हीच जाळी. 'ग'चा डावा दांडा आखूड करून त्याची गाठ जरा आत वळवली, आणि 'ग'नंतरच्या कान्याची जागा किंचित वाढवली. खांब चारच, पण आता त्यांच्यात फट सारखी नाही, म्हणून शब्द शब्दासारखा दिसतो.

१४ जून

'ळ'वर सगळा दिवस.

कान्यात वजन घालायचं हे धोरण 'क', 'प', 'म', 'स' यांना लागू पडतं. पण 'ळ'ला काना नाही. 'ट', 'ठ', 'ड', 'द', 'ह' यांनाही नाही. आणि आपला मराठी वळणाचा 'ल', पाकळीचा, त्यालाही नाही. हिंदी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे दांडा असतो, तो आधाराला येतो. आपल्याला ती सोय नाही.

'ळ'च्या दोन गाठी आडव्या पडलेल्या. वजन वर-खाली टाकलं तर गाठी बुजतात, म्हणून ते दोन्ही बाहेरच्या कडांना दिलं. गाठ वरून-खालून पातळ, बाजूंनी भरदार. मध्यावर, जिथे दोन रेघा एकमेकींना ओलांडतात, तिथे दोन्ही बाजूंनी थोडं कोरून काढलं, नाहीतर तिथे काळा गोळा होतो. शिवाय अक्षराची रुंदी वाढवली. जाड अक्षर रुंदीला कंजूष असून चालत नाही. जागा वाचवायची म्हणून जाड फाँट दाबून अरुंद करणारे लोक आहेत, विशेषतः फ्लेक्सवाले, त्यांचं आणि माझं पटणार नाही.

'ल' आणि 'श' बाबत एक निर्णय. नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयात मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपं ठरवून दिलेली आहेत. तरी बहुतेक फाँटांत मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि मराठी रूप भाषेची निवड केल्यावर मिळतं. खोकेवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडायला कोण जातंय! आम्ही उलटं केलं: मूळ रूप मराठी, हिंदी भाषा निवडली तर हिंदी. 'झ', 'ण' आणि '५', '८', '९' यांचीही मुंबई वळणाची, म्हणजे मराठी छपाईतली, रूपंच मुळात ठेवली.

२१ जून, अमळनेर

अप्पांना दाखवायला गेलो. अप्पांनी अर्ध्या तालुक्याच्या भिंती रंगवल्यात: बियाणं, सिमेंट, निवडणूक, सगळं. आता हात थोडा कापतो, नजर नाही.

छापील तक्ता त्यांनी अंगणाच्या पलीकडे, गोठ्याच्या दाराला लावायला सांगितला. डोळे बारीक करून म्हणाले, "भाऊ, तुना 'भ' दूरथीन काळा दिखी ऱ्हायना."

बघितलं तर खरंच. 'भ'ची डावी गाठ मिटून गेली होती. पेंटर लोक डोळे मिचकावून पाहतात ते उगीच नाही. तपशील पुसला जातो आणि काळ्या-पांढऱ्याची वाटणी तेवढी राहते. कॉम्प्युटरवर हेच मी अक्षर धूसर करून पाहतो.

पण अप्पांकडून खरा माल मिळाला तो त्यांच्या वाक्यातच. अहिराणीत 'ऱ्हायना', 'ऱ्हायनी', 'ऱ्हायनात' हे पावलापावलाला येतं. चालू असलेली कुठलीही क्रिया त्याच्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र', प्रमाण मराठीत अधूनमधून लागतो तो इथे दर दुसऱ्या वाक्याला. शिवाय 'बठ्ठा', म्हणजे सगळा. 'ठ'खाली 'ठ', दोन गोल एकावर एक. जाड वजनात याच्याइतकं अवघड जोडाक्षर मला तरी माहीत नाही.

तक्त्यात एक ओळ वाढवली: 'बठ्ठा लोके यी ऱ्हायनात.'

२३ जून

'ठ्ठ'चे दोन पर्याय. आडवा, पाय मोडून: ठ्‌ठ. किंवा उभा. आडवा सोपा, पण अहिराणी वाचणाऱ्याला तो अडखळवतो. उभा ठेवला. खालच्या 'ठ'ला शिरोरेषेचा तुकडा देत नाही, तो वरच्याच्या बुडाला थेट चिकटतो आणि जोडाची रेघ दोघांत सामाईक. दोन्ही पोटांची उंची कमी, रुंदी जास्त, त्यामुळे गोल न राहता लंबगोल झाले. खालचा 'ठ' रेघेखाली बराच उतरतो, म्हणून ओळीची खालची मर्यादा वाढवावी लागली. त्याचा परिणाम असा की मोबाइलवर दोन ओळींतलं अंतर मोठं दिसतं. चालेल. मजकुराचा फाँट नाहीच हा.

अर्ध्या 'र'चं वेगळं. तो शिरोरेषेला लटकत नाही, मध्येच तरंगतो. जाड केला की स्वल्पविराम वाटतो. त्याला इतर अक्षरांच्या मानाने थोडं रोड ठेवलं आणि पुढच्या 'ह'च्या खांद्याला टेकवलं.

पोराने सुचवलं, "दादा, लोक 'र्हायना' असंच टाइप करतात, रफार देऊन. आपण फाँटमध्येच त्याचं 'ऱ्हायना' करून टाकू." नाही म्हटलं. उद्या कुणी 'अर्हता' लिहिली तर तिचं काय करायचं? 'य'चं तर विचारूच नका: आचार्यांना आणि आचाऱ्यांना एका पंक्तीत बसवून मोकळे होऊ. टाइप करणाऱ्याने 'ऱ' घेऊन त्याला हलंत द्यावा, तो कीबोर्डवर आहे. फाँटने शुद्धलेखन तपासायचं नसतं.

१० जुलै

खोक्यांच्या कारखान्यात पहिली छपाई. स्टिरिओ (छपाईचा मऊ ठोकळा) बनवून आला, हिरवी शाई, तपकिरी पुठ्ठा.

नाळीदार पुठ्ठ्यावरची छपाई म्हणजे मऊ ठोकळ्याने दाबून उठवलेलं अक्षर. दाबाने शाई कडेबाहेर पसरते, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या नाळ्यांमुळे दाब सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून भरीव भागात बारीक पट्टे उमटतात. भिंगाखाली पाहिलं. 'निव्वळ वजन १३ किलो' या ओळीत 'व्व'च्या दोन पोटांपैकी पहिलं जवळजवळ भरलेलं. कान्याचा आणि शिरोरेषेचा आतला कोपरा, जो मी काटकोनात काढला होता, तिथे शाईचा गोलसर डाग. 'कि'ची वेलांटी शिरोरेषेला जिथे भेटते त्या सांध्यात तर छोटं त्रिकोणी टिकलं तयार झालं होतं.

यावर जुना उपाय आहे. मॅथ्यू कार्टर यांनी अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांसाठी १९७८ साली बेल सेंटेनियल फाँट केला. स्वस्त कागदावर बारीक अक्षरं वेगाने छापायची होती. त्यांनी सांध्यांत खोल खाचा ठेवल्या, शाई पसरली की त्या खाचा भरतात आणि अक्षर नीट दिसतं. तिथे अक्षर बारीक होतं, इथे मोठं, पण दुखणं एकच.

आम्ही खोक्यासाठी वेगळी आवृत्ती करायची ठरवली. प्रत्येक आतल्या कोपऱ्यात निमुळती खाच, आणि पोटं मूळ आवृत्तीपेक्षा मोठी. शिरोरेषा ११८ वरून १०६ वर आणली, शाई पसरून ती परत जाड होणारच आहे. स्क्रीनवर ही आवृत्ती कुरतडल्यासारखी दिसते. गटातल्या एकाने व्हॉट्सॲपवर पाहून "अक्षरं उंदरांनी खाल्ली का?" असं विचारलं. खोकं बघा म्हटलं.

२२ जुलै

दुसरी छपाई ठीक. 'व्व' उघडला. खाचा भरून गेल्या, कोपरे काटकोनी वाटतात. कारखान्यातल्या ऑपरेटरने वेगळीच अडचण दाखवली: खोक्याला हवेसाठी भोकं असतात, आणि त्यातलं एक बरोबर शिरोरेषेवर येतंय. लॅटिन शब्दात भोक एका अक्षराला खातं. देवनागरीत शिरोरेषा तुटली की शब्दाचे दोन शब्द होतात. हे फाँटमध्ये सुटणारं नाही. मांडणीच्या सूचनापत्रात लिहिलं: भोक शिरोरेषेवर नको, दोन शब्दांच्या मधल्या जागेत घ्या.

४ ऑगस्ट

रेडियमच्या दुकानात. टेम्पोच्या फाळक्यावर नाव लावायचं.

कटिंगचं यंत्र अक्षराच्या बाह्यरेषेवरून पातं फिरवतं. आमच्या फाँटमध्ये, बहुतेक देवनागरी फाँटांत असतं तसं, प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजाऱ्यावर जराशी चढते, म्हणजे स्क्रीनवर फट दिसत नाही. यंत्राला हे कळत नाही. ते प्रत्येक अक्षर वेगळं कापतं आणि शिरोरेषेवर जागोजागी उभे काप पडतात. पहिल्या पावसात तिथून रेडियम उचकटतं. दुकानदाराला हे तोंडपाठ होतं: "आधी वेल्ड मारायचं, मग कटिंग." कोरल या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं निवडून एकसंध करायची. तो एरवीही करतोच, पण काही फाँटांत चढलेला भाग वाकडातिकडा असतो आणि वेल्ड केल्यावर शिरोरेषेवर बारीक पायऱ्या राहतात. आमच्यात सगळ्या अक्षरांची शिरोरेषा एकाच उंचीवर, एकाच जाडीची, टोकं सरळ कापलेली. वेल्ड मारल्यावर एक अखंड पट्टी मिळाली. त्याने नखाने चाचपून पाहिलं आणि "चालतंय" म्हणाला. या माणसाकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

कापल्यावर आतले तुकडे चिमट्याने काढावे लागतात. जाड अक्षराचा फायदा इथे कळतो. रेघ रुंद, म्हणजे चिकटायला अंग जास्त, सोलताना फाटत नाही. मात्र अनुस्वाराचा ठिपका लहान असेल तर तो तुकड्यांबरोबर निघून जातो आणि 'नंदुरबार'चं 'नदुरबार' होतं. ठिपका मोठा केला, कान्याच्या जाडीपेक्षाही थोडा रुंद.

११ ऑगस्ट

कानबाईच्या सणाचा रविवार. पोरगा गावी गेलाय रोटांना (सणाच्या प्रसादाला), काम बंद.

२ सप्टेंबर

सॉफ्टवेअरची कटकट, थोडक्यात. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी तुटतं: वेलांटी मागे-पुढे, जोडाक्षरं सुटी. म्हणून जिल्ह्यातली बरीच डीटीपी दुकानं अजून जुन्या सांकेतिक फाँटांवर आहेत, जिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार भरलेले असतात. तशी आवृत्ती काढून द्या असा आग्रह झाला. देणार नाही. एकदा दिली की तीच चालेल, आणि खोक्यावरचं नाव कुठे शोधता येणार नाही की दुसरीकडे चिकटवता येणार नाही. त्याऐवजी पोराने इंकस्केपमध्ये टाइप करून बाह्यरेषा काढायची पद्धत लिहून दिली. इंकस्केप फुकट आहे आणि मराठी नीट जोडतं. फोटोशॉपवाल्यांना परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) निवडायला सांगितलं.

१५ सप्टेंबर, दाणा बाजार

गोणपाटासाठी पत्र्याची अक्षरं. इथे माझं शिरोरेषेचं धोरण उलटं पडलं, आणि मजा आली.

पत्रा कापून अक्षर करताना आतली पोटं गळून पडू नयेत म्हणून पूल ठेवावे लागतात. 'ब', 'व', 'ष', 'ठ', 'ळ' यांना ते लागणार हे ठाऊक होतंच. पण शिरोरेषा म्हणजे पत्र्यात शब्दभर लांब एक चीर. 'मुक्ताईनगर' एवढं कापलं की वरचा पत्रा आणि खालचा पत्रा एकमेकांपासून लोंबायला लागतात, ब्रश फिरवला की हलतात, रंग आत शिरतो. रोड शिरोरेषेत ब्रशचे केस नीट बसतही नाहीत. तेव्हा इथे शिरोरेषा उलट जाड केली, १४० पर्यंत, आणि दर दोन अक्षरांच्या मध्ये तोडली. तुटलेल्या शिरोरेषेने शब्द फुटत नाही का? खोक्यावर फुटतो, कारण भोक एकच आणि अवचित. इथे तोड ठरावीक लयीत येते, डोळा ती धरून पुढे सरकतो. जुन्या पोत्यांवर असंच पाहत आलोय आपण.

पूल उभे ठेवले, आडवे नाहीत. 

६ ऑक्टोबर

लॅटिन अक्षरं आणि आकडे. माल आखातात जातो, तेव्हा इंग्रजी लागतंच. लॅटिनच्या उभ्या रेघेला देवनागरीपेक्षा जास्त जाडी द्यावी लागली, १८४. अक्षरागणिक रेघा कमी असल्याने तेवढ्याच जाडीत लॅटिन ओळ फिकी पडते. सहसा हा हिशोब दुसऱ्या बाजूने मांडतात: लॅटिन आधी ठरतं आणि देवनागरी त्याच्या मापात कोंबतात. कॅपिटलची उंची शिरोरेषेच्या थोडी वर घेतली.

रुपयाचं चिन्ह २०१० सालचं, उदयकुमार यांचं. दोन आडव्या रेघा वरच्या अंगाला, खालून तिरका पाय. वरची रेघ आपल्या शिरोरेषेच्या ओळीत बसवली, दुसरी तिच्याहून पातळ. भावफलकावर आकड्यांशेजारी व्यवस्थित उभं राहतं.

'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' फाँट परत एकदा उघडून बघितला. त्यात अक्षर इतकं फुगवलंय की पोटाची नुसती रेघ उरते, आणि तरी वाचता येतं. मोठ्या आकारात जबरदस्त. खोक्यावर मात्र ती रेघ पहिल्याच दाबात गेली असती. जाड म्हणजे किती, हे कागद ठरवतो.

२८ ऑक्टोबर

पॅकहाउसची पाटी बसली, उठावाची अक्षरं, आतून दिवे. अखंड शिरोरेषा इथे कामाची: अक्षरं सुटी न राहता एका पट्टीवर टांगलेली, भिंतीत खिळे कमी आणि वायरही पट्टीतूनच फिरते. रात्री मात्र उजेड कडेबाहेर सांडतो आणि 'ळ'च्या गाठी लहान वाटतात. त्याला खोक्याचीच आवृत्ती लावली. उजेड आणि शाई दोन्ही पसरतात, औषध एकच.

अप्पा आले होते पाहायला. 'भ'कडे बघून मान हलवली. मग म्हणाले, "'झ' बठ्ठास्तून बेस शे." म्हणजे सगळ्यांत चांगला. मी 'झ'वर फारसं काही केलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर

आवृत्त्या तीन: मूळ, खोका, पत्रा. परवाना ओपन फाँट लायसन्स ठेवायचा, गटाने हो म्हटलंय. त्यातली एक अट अशी की कुणी फाँट सुटा विकायचा नाही. शेजारच्या गावातल्या लोकांनी वापरला तर वापरू देत.

बाकी राहिलेलं: 'ट्रू' आणि 'द्रु' मध्ये उकार फार खाली जातो, चिकटवून वर घ्यायचा. रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले, जसं 'मूर्तींची', तर तिघं एकमेकांवर बसतात. त्यासाठी एकत्र आकार काढायचा. 'ङ' आणि 'ञ' अजून कच्चे आहेत. खोक्यावर 'वाङ्मय' कुणी छापणार नाही, पण अमळनेरच्या एका ग्रंथालयाने पाटीसाठी आत्ताच विचारलंय, तेव्हा या आठवड्यात तेच.